रात्री आठनंतरचा इंग्रजीचा तास : सहावी ते आठवीसाठी सेल्फ-पेस्ड पाठ कसे बांधायचे

माझा पहिला ऑनलाइन पाठ म्हणजे २२ मिनिटांचा व्हिडिओ होता. विषय सिम्पल पास्ट टेन्स. मागं फळा, समोर पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला फोन, आणि मी वर्गात बोलते तशी बोलत सुटलेले. दोन दिवसांनी आकडे बघितले, तर पाचव्या मिनिटाच्या आतच बहुतेकांनी गाशा गुंडाळलेला. शेवटपर्यंत पोचलेला एकच दिसत होता. त्याला शोधून काढून कौतुक करायला गेले तर म्हणाला, "बाई, फोन चालूच राहिला, मला झोप लागली ओ."

सोलापुरात मराठी माध्यमाच्या सहावी ते आठवीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. मुलानं आपल्या वेळेला, आपल्या गतीनं, शिक्षक समोर नसताना करायचे पाठ बनवताना मी भरपूर ठेचा खाल्ल्या. नव्यानं हे करायला निघालेल्यांच्या त्यातल्या निम्म्या तरी वाचाव्यात म्हणून हे लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: व्हिडिओवर जीव काढू नका. मुलाला एकट्याला वाचून कळेल अशी सूचना, आणि त्यानं पाठवलेल्या वाक्याला तुमचं उत्तर, या दोन गोष्टींवर सगळा पाठ उभा राहतो किंवा कोसळतो.

पहिलं काम : फोनचं वेळापत्रक

पाठ बनवायच्या आधी पालकांना चार प्रश्न विचारा. फोन कोणाचा? तो घरी किती वाजता येतो? दिवसाचा डेटा संध्याकाळपर्यंत उरतो का? आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो का? हे फॉर्मवर विचारू नका, फोन करून किंवा शाळेच्या फाटकाशी विचारा. ज्यांची अडचण आहे त्यांच्यापर्यंत तुमचा फॉर्म पोचणारच नाही.

आमच्याकडे पूर्व भागातल्या बऱ्याच घरांत फोन वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर कारखान्यावर जातो. यंत्रमागाची पाळी संपवून ते घरी येतात, जेवतात, मग फोन मुलाच्या हातात. म्हणजे तुमचा तास रात्री आठनंतर, आणि तोही अर्धा, कारण धाकट्या भावालाही कार्टून बघायचं असतं. त्यामुळे सेल्फ-पेस्ड ही आमच्यासाठी चैन नाही. दुपारी चारला लाइव्ह क्लास ठेवला तर निम्मा वर्ग येऊच शकत नाही. या उत्तरांवरून पाठाची लांबी ठरवा. मी एका बैठकीचं काम १२ ते १५ मिनिटांच्या पुढं जाऊ देत नाही.

याच वेळी घरात कुठली भाषा बोलतात तेही विचारून घ्या. तेलुगू, कन्नड, दख्खनी उर्दू, मराठी, सगळं एका वर्गात असतं. ज्या मुलीला घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि वर हिंदी आहे, तिच्यासाठी इंग्रजी चौथी भाषा आहे. तिला अवघड मराठीत इंग्रजीचं व्याकरण समजावणं म्हणजे दुहेरी ओझं. सूचना साध्या मराठीतच द्या, आणि सूचनांमधले चार-पाच इंग्रजी शब्द (लिसन, टिक, अंडरलाइन, रेकॉर्ड) हळूहळू पक्के करा.

मूल कुठं उभं आहे

सातवीत आहे म्हणजे सातवीचं वाचतं असं समजू नका. साठेक शब्दांचा सोपा उतारा द्या आणि वाचून व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा. परीक्षा हा शब्द उच्चारू नका, नाहीतर ताई वाचून पाठवते. ऐकताना चूक मोजण्यापेक्षा मूल कुठं थांबतं ते टिपा. अक्षर जोडत वाचणारं मूल, शब्द वाचणारं पण अर्थ न लागणारं मूल, आणि अर्थासकट वाचणारं मूल, असे तीन गट सहज पडतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं मागाची खडखड इतकी होती की मी दोनदा ऐकूनही काही कळेना. तिसऱ्यांदा कानाला लावून ऐकलं. ती 'नाइफ'चा 'कनाइफ' करत होती, बाकी सगळं खणखणीत. पहिल्यांदाच वैतागून सोडून दिलं असतं तर चांगली वाचणारी मुलगी कच्च्या गटात गेली असती.

आठवड्याला एक मजकूर, एक वाक्य

नव्या शिक्षकाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठ्यपुस्तकाचा धडा जसाच्या तसा ऑनलाइन चढवणं. पुस्तक मुलाकडं आहेच, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफही मिळते. तुम्ही वेगळं काहीतरी द्या. आधी एका ओळीत लिहा : "रविवारपर्यंत मूल ______ करू शकेल." त्या रिकाम्या जागेत 'पास्ट टेन्स समजेल' असं लिहायचं नाही. समजणं दिसत नाही. 'घरातल्या एका मोठ्या माणसाबद्दल भूतकाळात पाच वाक्यं लिहून वाचून दाखवेल' हे दिसतं.

मजकूर मी बऱ्याचदा स्वतः लिहिते. सोलापूर मदतीला धावून येतं. शेंगा चटणीची कृती लिहायला घेतली की आज्ञार्थ आपोआप येतो : रोस्ट, पील, पाउंड, मिक्स. भूतकाळासाठी माझा हुकमी मजकूर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. नाव मुलांनी कुठंतरी ऐकलेलं असतं, गोष्ट माहीत नसते. नेमकं तेच हवं. माझी वाक्यं साधारण अशी (इथं देवनागरीत देते, मुलांना अर्थातच रोमन लिपीत) :

"द्वारकानाथ कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन १९१०. ही स्टडीड मेडिसिन इन मुंबई. इन १९३८ ही वेंट टु चायना विथ फोर अदर इंडियन डॉक्टर्स. देअर वॉज अ वॉर. ही वर्क्ट डे अँड नाइट. ही ट्रीटेड वूंडेड सोल्जर्स. ही मॅरीड गुओ छिंगलान. देअर सन्स नेम वॉज यिनहुआ. ही डाइड इन १९४२. ही वॉज ओन्ली थर्टी-टू."

दहा वाक्यं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, हे मी मुद्दाम मजकुरात घालत नाही. ते नंतरच्या आवाजातल्या निरोपात सांगते, म्हणजे ऐकण्याचं बक्षीस मिळतं.

स्वतः लिहायचं नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार इंग्रजी गोष्टी आहेत. खुल्या परवान्याच्या असल्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव देऊन वापरता येतात. बाजारातल्या गाइडचे फोटो मात्र टाकू नका.

आठवड्याचे पाच तुकडे

सोमवारी आधी आवाज. मजकूर हातात न देता तुमच्या आवाजातलं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवा आणि तीनच प्रश्न विचारा : कोण, कुठं, काय झालं. उत्तर मराठीत आलं तरी चालेल, आपण इथं कान तपासतोय. व्हॉइस मेसेजला व्हिडिओच्या मानानं किरकोळ डेटा लागतो, आणि वडिलांच्या जुन्या फोनवरही तो वाजतो.

दुसऱ्या तुकड्यात मजकूर आणि तोच आवाज एकत्र. मुलानं बोट ठेवून वाचायचं, मग आवाज बंद करून वाचायचं. इथं एक खोड मोडावी लागते. मुलं प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहितात, आणि मग डोळे रोमन अक्षरांवर जातच नाहीत. मी आठवड्याला तीन शब्दांची सूट देते, फक्त तीन.

तिसरा तुकडा भाषेचा, आणि इथं सावकाश जा. आधी नियम सांगू नका. "काय केलं ते सांगणारे शब्द अधोरेखित कर" एवढंच म्हणा. मूल स्टडीड, वेंट, वर्क्ट, ट्रीटेड, मॅरीड, डाइड काढतं. मग ते तुमच्या आवाजात सुटे सुटे ऐकवा. आमची मुलं 'वर्केड', 'हेल्पेड' म्हणतात, कारण लिहिलेलं ई-डी दिसतं. त्यांना इतकंच सांगा की क्रियापदाच्या शेवटी आधीच ट किंवा ड ऐकू येत असेल, तरच तो वेगळा तुकडा तोंडात येतो : ट्रीट-ट्रीटेड, नीड-नीडेड. बाकी ठिकाणी नुसता स्पर्श : वर्क्ट, प्लेड. मग 'वॉज बॉर्न'कडं या. मराठीत 'जन्म झाला' म्हणतो म्हणून मूल 'ही बॉर्न इन' लिहिणार, हे गृहीत धरूनच तुकडा बांधा. तसंच 'मला दोन भाऊ आहेत'चं 'माय टू ब्रदर आर' होतं. असल्या चुका आळसातून येत नाहीत. मूल मराठी वाक्याचा सांगाडा नेटानं इंग्रजीत उभा करत असतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून दाखवली की लवकर कळतं.

चौथा लिहायचा : घरातल्या आजी, आजोबा, काका कोणाहीबद्दल पाच वाक्यं, वहीत, पेननं. टायपिंग नको, फोनचं ऑटोकरेक्ट तुमच्या मुलाच्या आधी अभ्यास करून टाकतं. वहीचा फोटो पाठवायचा. पाचवा, तेच वाचून आवाज पाठवायचा.

फॉर्म, आणि चुकीच्या उत्तराची वाट

सराव प्रश्नांसाठी गूगल फॉर्म पुरतो, महागडं ॲप लागत नाही. त्यात एक सोय नवे शिक्षक वापरतच नाहीत : बहुपर्यायी प्रश्नात निवडलेल्या उत्तरावरून मुलाला वेगळ्या विभागात पाठवता येतं. समजा प्रश्न आहे, "डिड ही ___ टु चायना?" पर्याय : गो, वेंट, गोइंग. 'गो' निवडलं की पुढं. 'वेंट' निवडलं की दोन ओळींचा विभाग उघडतो : "डिडमध्ये भूतकाळ आधीच येऊन बसलाय, म्हणून पुढचं क्रियापद साधं राहतं." लगेच त्याच धाटणीचा दुसरा प्रश्न, मग मूळ रस्त्यावर परत. वर्गात तुम्ही पाठीमागून जाऊन खांद्यावर हात ठेवून जे सांगता, ते काम हा विभाग करतो. म्हणून चुकीचे पर्याय हवेतून काढू नका. वहीतल्या खऱ्या चुका गोळा करा, त्यांचेच पर्याय बनवा.

फॉर्ममधून फोटो अपलोड करायला लावू नका. त्यासाठी गूगल खात्यात लॉगिन लागतं, आणि रात्री साडेआठला वडिलांचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. फोटो आणि आवाज सरळ व्हॉट्सॲपवर मागवा. ब्रॉडकास्ट लिस्ट केलीत तर लक्षात ठेवा, ज्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. माझे पहिले दोन आठवडे सात घरं "काहीच करत नाहीत" असा शेरा मी वहीत लिहून ठेवला होता. त्यांना काही मिळालेलंच नव्हतं.

सूचना लिहिणं

पाठ तयार झाला की तीन मुलांना शेजारी बसवा, फोन हातात द्या आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप लावा. मूल अडलं तरी बोलायचं नाही, फक्त कुठं अडलं ते लिहायचं. मी "टिक द करेक्ट ऑप्शन" असं लिहिलं होतं. सहावीतल्या मुलानं फोन खाली ठेवला, दप्तरातून पेन काढलं आणि विचारलं, "टिक वहीत करायची का ओ, बाई?" दुसरी मुलगी "खालील उतारा वाचा" या ओळीवरच थांबली, कारण तिच्या छोट्या स्क्रीनवर खाली काहीच दिसत नव्हतं. बोटानं वर सरकवायला लागतं, हे मी लिहिलंच नव्हतं.

एका सूचनेत एकच क्रिया ठेवा. "उतारा ऐकून अधोरेखित करून वहीत लिहा" या तीन सूचना आहेत, त्या तीन ओळींत जातात. शेवटी 'झालं हे कसं ओळखायचं' हेही लिहा : "तुझ्या वहीत सहा शब्द आले असतील. कमी असतील तर पुन्हा ऐक." हे वाक्य असलं की मूल मध्येच तुम्हाला फोन करत नाही.

उत्तर देणं, म्हणजे खरं शिकवणं

तुमचा शिकवायचा वेळ वाचत नाही, तो इथं येऊन पडतो. आठवीतल्या एका मुलीच्या वहीत आलं होतं : "माय आज्जी मेक बिडी. शी बॉर्न इन अक्कलकोट. शी हॅज फाइव्ह चिल्ड्रन्स." लाल पेन हातात असतं तर तीन ओळींत तीन गोल झाले असते. मी आवाजात उत्तर दिलं. आधी, आजी अक्कलकोटची आहे हे मला ठाऊक नव्हतं, ते सांगितलं. मग विचारलं, "आज्जी अजून विड्या वळते का गं?" उलट निरोप आला, "नाही बाई, आता तिला दिसत नाही." "मग ते आजचं की कालचं?" थोड्या वेळानं वहीचा नवा फोटो आला. 'मेक' खोडून 'मेड' केलेलं, आणि खाली न सांगता एक जादा वाक्य : "नाऊ शी कॅनॉट सी."

'वॉज बॉर्न' मी त्याच निरोपात सांगितलं. 'चिल्ड्रन्स' पुढच्या आठवड्यावर ठेवलं. एका वेळी दोनच दुरुस्त्या, हा माझा नियम आहे, आणि त्यातली एक मुलानं स्वतः शोधायची. 'आज्जी'चं 'ग्रँडमदर' करायलाही मी सांगितलं नाही.

वेळेचा हिशोब सांगते. ३८ मुलं, प्रत्येकी ४० सेकंदांचा निरोप, म्हणजे बोलायला साधारण २५ मिनिटं. बघायला-ऐकायला त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. रोज सात-आठ मुलं वाटून घेतली तर झेपतं. रविवारी रात्री सगळी एकदम घेतली तर दुसऱ्या महिन्यात तुम्हीच कंटाळाल.

आपली गती, पण तारखेसकट

'तुझ्या सवडीनं कर' म्हटलं की मूल करत नाही, आपणही करत नाही. आठवड्याची खिडकी द्या, सोमवार ते रविवार, आणि मध्ये एकच खुंटी : गुरुवारपर्यंत तिसरा तुकडा. गुरुवारी रात्री ज्याचं काही आलं नाही त्याच्या घरी फोन जातो, रागावायला नाही, विचारायला. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेला असतो. भरभर संपवणाऱ्या मुलांना पुढचा आठवडा उघडून देऊ नका. त्यांना त्याच मजकुराचं खोल काम द्या : कोटणीसांना विचारायचे पाच प्रश्न लिही, किंवा हीच गोष्ट त्यांच्या बायकोच्या तोंडून सांग.

नक्कल होणारच. एकदा "माय ग्रँडमदर वॉज अ रेझिलिएंट वुमन" असं वाक्य आलं, अशा मुलाकडून ज्याला 'वुमन'चं स्पेलिंग येत नव्हतं. "रेझिलिएंट म्हणजे काय रे?" विचारलं तर शांतता, मग, "दादानं ॲपवरनं काढून दिलं." मी रागावले नाही. आजीबद्दल दोन वाक्यं तोंडी सांगायला लावली, ती त्याची होती, तीच नोंदवली. आता नियम असा की शब्दाचा अर्थ कुठंही शोध, वाक्य मात्र तुझं.

फोनच नसेल तर

वर्गात अशी तीन-चार मुलं निघतातच. पाचही तुकडे दोन पानांत बसवून झेरॉक्स द्या आणि आवाजाच्या लिंकचा क्यूआर कोड कोपऱ्यात छापा. शेजारच्या काकांचा फोन दोन मिनिटं मिळाला तरी ऐकून होतं. ही युक्ती सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले होते, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. पुस्तकांवर छापलेला कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवरचं साहित्य उघडतं, तेही मुलांना एकदा दाखवून ठेवा.

मुलांचे आवाज आणि फोटो ग्रुपवर टाकू नका, ते फक्त तुमच्या आणि पालकांच्या मध्ये राहू देत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. वर्षाच्या सुरुवातीला साध्या मराठीत एक संमतिपत्र सही करून घ्या आणि फायलीत ठेवा.

सुरुवात पूर्ण वर्गानं करू नका. सहा मुलं घ्या, प्रत्येक गटातली दोन, आणि चार आठवडे चालवा. त्यांच्या चुकांमधूनच पुढच्या फॉर्मचे पर्याय मिळतील. जून-जुलैमध्ये हे उरकलं तर दिवाळीनंतर सगळा वर्ग आत घेता येतो. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली की नवा मजकूर टाकायचा विचारही करू नका. गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानावरून मूल घरी परततं तेव्हा फोनचा वेळ संपलेला असतो. त्या आठवड्यात मी एकच प्रश्न पाठवते : गड्ड्यावर काय खाल्लंस, कशात बसलास, तीन वाक्यं बोलून पाठव, सगळी भूतकाळात.